झेब्रा फिंच: जोडी जमवण्यापासून पिल्लं वेगळी करेपर्यंत (ठाणे–नवी मुंबईची हवा धरून)

राळे_आणि_काथ्या (मानपाडा, ठाणे) | २८ सप्टेंबर, रात्री ९:५०

पाऊस ओसरायला लागला की दरवर्षी तोच प्रश्न दहा ठिकाणी येतो: "जोडी आणली, घरट्याची पेटी लावली, महिना झाला, काहीच नाही." म्हणून सगळं एका धाग्यात. फक्त झेब्रा फिंच. गोल्डियन आणि जावा या दुसऱ्या जातींची गणितं वेगळी, ती इथे मिसळू नका.

पहिला मुद्दा जोडीचाच. दुकानदार जाळीतून दोन पक्षी पकडतो, कागदी पिशवीत घालतो आणि "जोडी" म्हणून देतो. ती फार तर एक नर आणि एक मादी असते, जोडी नव्हे. झेब्रा फिंच आपला जोडीदार आपण निवडतात आणि एकदा जमलं की सहसा सोडत नाहीत. जर्मनीतल्या मॅक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी २०१५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही पक्ष्यांना स्वतः निवडलेल्या जोडीदारासोबत ठेवलं, काहींची जोडी बदलून दुसऱ्याशी लावून दिली. आपल्या पसंतीच्या जोड्यांची जगलेली पिल्लं ३७ टक्क्यांनी जास्त भरली. लावून दिलेल्या जोड्यांत फोल अंडी जास्त होती, आणि पिल्लं मेली ती बरीचशी पहिल्या दोन दिवसांतच, म्हणजे आईबापांचं लक्ष कमी पडलं तेव्हा.

त्यामुळे शक्य असेल तर तीन नर, तीन माद्या घ्या. नर एका दुकानातून, माद्या दुसरीकडून. एकाच पिंजऱ्यातली "जोडी" बऱ्याचदा सख्खी भावंडं निघते. नवे पक्षी घरात असलेल्या पक्ष्यांपासून ३० दिवस वेगळ्या खोलीत. मग सहाही जण ३६ × १८ × १८ इंचांच्या आडव्या पिंजऱ्यात, पेटीशिवाय, दोन-तीन आठवडे. पेटी दिसली की जोडीदाराआधी जागेवरून भांडणं लागतात. पायात वेगवेगळ्या रंगांच्या उघडझाप रिंगा घाला, नाहीतर कोण कोणाजवळ बसलं ते कळणार नाही.

बघायचं ते संध्याकाळी, दिवे मंदावताना. जमलेली जोडी दांडीवर अंगाला अंग लावून बसते आणि एकमेकांच्या डोक्यावरची, हनुवटीखालची पिसं चोचीने विंचरते. नर मादीकडे तोंड करून गातो, दांडीवर उड्या मारत जवळ सरकतो, मध्येच चोच दांडीला पुसतो. मादी तयार असेल तर आडवी होऊन शेपूट भराभर थरथरवते. दोन-तीन दिवस हेच दोघे सलग एकत्र झोपले की त्यांना २४ × १६ × १६ इंचांच्या पिंजऱ्यात हलवा. तारांमधलं अंतर अर्ध्या इंचाहून जास्त नको.

वय: मादी किमान ८-९ महिन्यांची. तीन महिन्यांची मादीही अंडी घालते, तोच धोका आहे. अंडं अडकण्याचे प्रकार अशा कोवळ्या माद्यांतच जास्त. काळी चोच म्हणजे पिल्लू. चोच पूर्ण रंगली असेल तर एवढंच कळतं की पक्षी साधारण अडीच-तीन महिन्यांपुढचा आहे. दुकानातून आणलेल्या मादीला म्हणून पुढे सहा महिने पेटी दाखवू नका.

ऐरोली_आठ (ऐरोली) | २८ सप्टेंबर, रात्री १०:२५

दोन्ही पांढरे आहेत. गालावर काहीच नाही, छातीवर पट्टे नाहीत. दोघे चिकटून बसतात, विंचरतात, सगळी लक्षणं जमलेली. चार महिने अंडं नाही. नर-मादी कसं ओळखायचं?

राळे_आणि_काथ्या | २८ सप्टेंबर, रात्री १०:४०

राखाडी रंगात सोपं असतं: नराच्या गालावर नारिंगी ठिपका, गळ्या-छातीवर बारीक पट्टे, कुशीला तपकिरी पट्ट्यावर पांढरे थेंब; मादी साधी राखाडी. पांढऱ्यांत दोनच खुणा. नराची चोच लालभडक, मादीची फिक्या नारिंगीकडे झुकणारी. आणि गाणं फक्त नर गातो. मादी हाका मारते, पण ठरावीक चाल पुन्हा पुन्हा म्हणत नाही. दोघांना अर्धा तास वेगळ्या खोल्यांत ठेवा आणि मोबाइलवर आवाज टिपा.

चिकटून बसणं हा नर-मादीचा पुरावा नाही. दोन नरही पक्की जोडी करतात. दोन माद्या असत्या तर एव्हाना पेटीत आठ-दहा अंडी दिसली असती, सगळी फोल. चार महिन्यांत एकही अंडं नाही म्हणजे माझी पैज दोन नरांवर.

ऐरोली_आठ | २९ सप्टेंबर, सकाळी ८:१०

दोघेही गातात.

घोडबंदरची_चिमणी (कासारवडवली) | २९ सप्टेंबर, दुपारी १:०५

मग प्रश्न मिटला. दोघांची जोडी मोडू नका, त्यांना तसंच राहू द्या; पिल्लं हवी असतील तर नवी मंडळी आणा.

घरट्याबद्दल मी लिहिते. लाकडी पेटी ५ × ५ × ६ इंच, पुढची बाजू अर्धी उघडी, खाली दोन इंचांची पट्टी, नाहीतर अंडी बाहेर घरंगळतात. पिंजऱ्याच्या वरच्या कोपऱ्यात, शक्यतो बाहेरून टांगा आणि झाकण उघडणारं घ्या. आत हात न घालता बघता येतं आणि उडायची जागाही खाल्ली जात नाही. एका जोडीला एकच पेटी. दोन दिल्या तर एकीत अंडी घालून दुसरी बांधत बसतात. समुदायात असतील तर मात्र जोडीमागे दोन, सगळ्या एकाच उंचीवर. उंच पेटीसाठी मारामारी ठरलेली.

आत काथ्या आणि वाळलेली हरळी. गणपतीनंतर उरलेल्या दूर्वांच्या जुड्या धुऊन कडक उन्हात वाळवल्या तरी छान चालतात. दोन ते चार इंचांचे तुकडे. पेटी अर्धी आपण भरायची, मुठीने मधे खळगा करायचा, उरलेला काथ्या पिंजऱ्याच्या तळाशी ठेवायचा आणि नराला वाहू द्यायचं. हे वाहणं म्हणजे जोडी जमवण्याचाच भाग आहे. नर काडी आणतो, मादी आत बसून रचते, दोघे घरट्यात हळू किणकिणल्यासारखा आवाज काढतात. तो आवाज आला की आठवड्याभरात अंडं धरा.

काय देऊ नये: कापूस, लोकर, सुतळीचे धागे, केस. पिल्लाच्या पायाला धागा आवळला की दोन दिवसांत बोटं काळी पडतात. गॅलरीत पडलेली कबुतराची पिसंही उचलून देऊ नका, त्यांतून किडे येतात.

आणि पहिलं अंडं दिसलं की उरलेला सगळा काथ्या काढून टाका. नर थांबत नाही. अंड्यांवर नवा थर टाकतो, त्यावर पुन्हा अंडी, खालची गाडली जातात आणि थंड पडतात. "अंडी घालते पण चारच दिसतात, मग दोन, मग पुन्हा तीन" या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच.

कळवेकर_काका (कळवा) | २९ सप्टेंबर, संध्या. ७:३०

पेटीचं कौतुक पुरे. मातीचं मडकं स्वस्त, थंड, त्याला फटी नाहीत, त्यामुळे रात्री रक्त पिणाऱ्या किड्यांना लपायला जागा नाही. दोन हंगाम वापरा, फोडून टाका. लाकडी पेटीच्या खाचांत लाल किडा एकदा शिरला की उकळतं पाणी ओतून, दोन दिवस उन्हात टाकूनही पुन्हा येतो.

घोडबंदरची_चिमणी | २९ सप्टेंबर, रात्री ८:१५

काका, किड्यांचं मान्य. पण मडक्याचा तळ गुळगुळीत. काथ्या पातळ पडला की पिल्लांचे पाय दोन्ही बाजूंना फाकतात आणि दहा दिवसांनंतर ते सरळ होत नाहीत. शिवाय आत डोकावता येत नाही, मेलेलं पिल्लू वासाने कळतं. मडकंच वापरायचं तर तळाशी इंचभर काथ्या दाबून बसवा आणि पावसाळ्यात नको, माती ओल धरते.

कळवेकर_काका | २९ सप्टेंबर, रात्री ८:२०

पावसाळ्यात नको हे बरोबर. पाय फाकण्याबद्दल: काथ्या दाबायला सांगावं लागतं हेच आश्चर्य. असो.

पामबीच_पिंजरा (नेरूळ) | ३० सप्टेंबर, सकाळी ११:००

हंगामाचं कोणी लिहिलं नाही. झेब्रा फिंच मुळात ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागातले. तिथे पाऊस पडून गवताला दाणे आले की ते कधीही घरटी करतात, ठरलेला महिना नाही. त्यामुळे आपल्याकडेही ते बारा महिने अंडी घालायला तयार असतात. थांबवायचं काम आपलं.

आपल्या पट्ट्यात सोयीचा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जून ते सप्टेंबर दाण्याला बुरशी, ओला काथ्या, अंड्याचं खाणं तासात आंबतं. एप्रिल-मेमध्ये उकाडा इतका की मादी अंड्यांवर चोच उघडी टाकून धापा टाकते. गंमत म्हणजे हवा २६ अंशांच्या वर गेली की आईबाप अंड्यांतल्या पिल्लांना खास हाका देतात आणि ती ऐकलेली पिल्लं उकाड्यात लहान चणीची वाढतात, असं ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१६ साली दाखवलं. म्हणून मे महिन्यात मुद्दाम पेटी लावा असं नाही!

आत्ता मात्र थांबा. आज पेटी लावली तर अंडी नेमकी फटाक्यांत सापडतील. दचकून रात्री घरट्यातून उडालेली मादी अंधारात परत आत जाऊ शकत नाही, सकाळपर्यंत अंडी गार. जोडी जमवणं, खाणं सुधारणं, हे सगळं आत्ता करा; पेटी फटाके संपल्यावर. एरवीही रात्री खोलीत अगदी मंद दिवा आणि पिंजऱ्याच्या तीन बाजूंना कापड असू द्या. दिवसाचा उजेड १२ ते १४ तास पुरे. हॉलमध्ये रात्री बारापर्यंत टीव्ही-ट्यूबलाइट चालू असेल तर पिंजरा तिथे नको.

कोलशेत_कांगणी (कोलशेत) | ३० सप्टेंबर, रात्री ९:१५

खाण्याचा भाग माझ्याकडे.

रोजचं दाणं: कांगणी म्हणजे आपले राळे, त्यात थोडी बारीक बाजरी आणि कॅनरी सीड. एका पक्ष्याला दिवसाला सपाट एक चमचा. इथेच नवशिके फसतात. फिंच दाणा सोलून खातात आणि टरफल वाटीतच राहतं. वाटी काठोकाठ भरलेली दिसते, पण वरचा थर नुसत्या टरफलांचा असतो आणि पक्षी उपाशी. रोज सकाळी वाटी हातात घेऊन हलकी फुंकर मारा, जे उरेल तेवढंच अन्न. (फुंकर गॅलरीबाहेर मारू नका. खालच्यांचे वाळत घातलेले कपडे आणि सोसायटीचा ग्रुप, दोन्ही लक्षात ठेवा.)

दाणा जुना आहे का ते कळायला १०० दाणे ओल्या फडक्यात गुंडाळा. दोन-तीन दिवसांत ८० च्या आत मोड आले तर ती गोणी परत करा.

पेटी लावायच्या तीन आठवडे आधीपासून:

मोड आलेली कांगणी. ८ तास भिजत, मग चाळणीत २४ तास, दर पाच-सहा तासांनी धुवायची. मोड एक-दोन मिलिमीटरचा दिसला की द्या. आंबूस वास आला तर सरळ टाका, धुऊन चालत नाही.

अंड्याचं खाणं. एक अंडं १२ मिनिटं उकडून कवचासकट बारीक करा, त्यात किसलेलं अर्धं गाजर आणि कोरड्या पावाचा दोन चमचे चुरा. मीठ नाही. मिश्रण भुसभुशीत हवं, लगद्यासारखं नको. बर्फाच्या ट्रेमध्ये भाग करून फ्रीझरला ठेवा. पेटी लावण्याआधी जोडीला अर्धा चमचा, आठवड्यातून तीनदा. दोन तासांनी वाटी काढायचीच, आपल्या दमटपणात तिसऱ्या तासाला ते विष.

पाला: कोथिंबीर, मेथी, शेवगा. पालक क्वचित, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवतं. अ‍ॅव्होकॅडो अजिबात नाही.

कॅल्शियमसाठी समुद्रफेस (कटलबोन) कायम टांगलेला. शिवाय अंड्याची कवचं उकळून, वाळवून, जाडसर कुटून वेगळ्या वाटीत. मात्र कॅल्शियम अंगी लागायला ड जीवनसत्त्व लागतं आणि काचेतून येणाऱ्या उन्हात ते घडवणारे किरण नसतात. सरकत्या काचेच्या आतला पिंजरा कितीही लख्ख दिसो, उपयोग शून्य. सकाळचं २०-३० मिनिटं थेट ऊन, अर्धा पिंजरा सावलीत.

ऐरोली_आठ | १ ऑक्टोबर, सकाळी ९:००

अंड्याचं खाणं रोज दिलं तर लवकर होईल ना?

कोलशेत_कांगणी | १ ऑक्टोबर, सकाळी ९:२०

लवकर होईल, आणि मादी झिजेल. सतत पौष्टिक मिळालं की एक घोळ (एका वेळची अंडी-पिल्लं) संपायच्या आत दुसरा सुरू. दुसरीकडे नर लठ्ठ झाला की मीलन नीट होत नाही. पिल्लं आल्यावर मात्र हात आखडता घेऊ नका: चार पिल्लांना दिवसाला दोन-तीन चमचे, तीन वेळा थोडं थोडं, पहिली वाटी उजाडताच.

राळे_आणि_काथ्या | १ ऑक्टोबर, रात्री १०:०५

आता अंड्यांचं. मादी रोज एक, बहुधा सकाळी, अशी चार ते सहा अंडी घालते. पहिल्या दोन-तीन अंड्यांवर कोणी बसत नाही, त्याने घाबरू नका. तिसऱ्या-चौथ्या अंड्यापासून दोघे आळीपाळीने बसतात. तिथून १२ ते १४ दिवस. मोजणी पहिल्या अंड्यापासून केली की सोळाव्या दिवशी लोक अंडी फेकून देतात आणि आत पूर्ण पिल्लू निघतं. बसल्याची तारीख लिहा.

सहाव्या-सातव्या दिवशी, जोडी खायला बाहेर आली असताना, बारीक टॉर्च अंड्याच्या बुडाला लावून बघा. लाल शिरांचं जाळं दिसलं तर भरलेलं. पिवळसर, स्वच्छ दिसलं तर फोल. अंडं उचलायची गरज नाही. उचललंच तर दोन बोटांत, ते जेमतेम एक ग्रॅमचं असतं. "हात लागला की वास येतो आणि सोडतात" हे खरं नाही. सोडतात ते वारंवार डोकावल्यामुळे.

सगळी फोल असतील तर या क्रमाने तपासा. दांडी हलते का? मीलन दांडीवर होतं. प्लास्टिकची गुळगुळीत किंवा लटपटणारी दांडी असेल तर नर घसरतो. १०-१२ मिलिमीटरच्या खरबरीत फांद्या दोन्ही टोकांना घट्ट बसवा. मग नर लठ्ठ आहे का, बुडाजवळची पिसं फार दाट आहेत का. मग दोघे खरोखर नर-मादी आहेत का. सगळ्यात शेवटी वय आणि आजार.

भरलेली अंडी मधेच मरत असतील तर कारणं वेगळी: रात्री उठणं, जवळचं नातं, किंवा आंघोळीचं पाणी न ठेवणं. एसी चालणाऱ्या कोरड्या खोलीत मादी अंग ओलं करून अंड्यांवर बसते, ती ओल कवचाला हवी असते. तुऱ्याचा नर आणि तुऱ्याची मादी कधी जोडू नका. दोघांकडून तुऱ्याचा गुण आलेलं पिल्लू अंड्यातच मरतं. तुरा हवा तर एकालाच असू द्या.

पामबीच_पिंजरा | २ ऑक्टोबर, दुपारी ४:४०

अंडं अडकण्याचं ठळक करून ठेवा. मादी फुगून तळाशी बसली आहे, शेपूट वर-खाली हलते आहे, जोर काढते आहे: वाट बघायची नाही. लहान खोक्यात मऊ कापड, एका बाजूला ४० वॅटचा पिवळा बल्ब, आत ३०-३२ अंश, कोपऱ्यात कोमट ओलं फडकं. पोट दाबायचं नाही. अंडं आत फुटलं तर पक्षी वाचत नाही. चोचीत बळेच काही ओतायचं नाही, श्वासनळीत जातं.

एरंडेल लावा म्हणणारे भेटतील. अंडं अडकतं ते बहुतेक वेळा कॅल्शियम कमी पडून स्नायू आकुंचन पावत नाहीत म्हणून. बाहेरून लावलेल्या तेलाने ते होणार नाही. तासा-दोन तासांत अंडं आलं नाही तर पक्ष्यांचे डॉक्टर. जवळ कोणी नसेल तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल. कुत्र्या-मांजरांच्या डॉक्टरांना आधी फोन करून विचारा, १५ ग्रॅमच्या पक्ष्याला औषध मोजून देणं सगळ्यांच्या हातचं नसतं.

घोडबंदरची_चिमणी | २ ऑक्टोबर, संध्या. ६:१५

शत्रूंची यादी, जी पुस्तकांत मिळत नाही.

लाल मुंग्या: अंड्याचं खाणं सांडलं की रांग लागते आणि रात्रीत पिल्लं कुरतडली जातात. पिंजरा भिंतीला टेकू देऊ नका. स्टँडच्या पायांना चार बोटं पेट्रोलियम जेलीचा पट्टा, आठवड्याने पुसून नवा. पाण्याच्या वाट्या ठेवल्या तर साबणाचा फेस घाला, नाहीतर डासांची पैदास आणि महापालिकेची नोटीस.

धूर-फवारणी: गाडीचा आवाज आला की पिंजरा आतल्या खोलीत, खिडक्या बंद, किमान तासभर. अंड्यांवर बसलेली जोडी असेल तर पेटीसकट, न झुकवता. डासांची कॉइल आणि प्लगमधली लिक्विडं त्या खोलीत नकोत. ग्रीलला आतून बारीक जाळी लावा. डास पक्ष्यांना देवीसारखा रोग देतात. नॉनस्टिक तवा रिकामा तापला की निघणारी वाफ फिंचला काही मिनिटांत मारते, स्वयंपाकघराशेजारी पिंजरा नको.

लाल किडा दिवसा दिसत नाही. रात्री अकराला टॉर्च घेऊन दांड्यांची टोकं आणि पेटीचे सांधे बघा, किंवा पांढरं फडकं पिंजऱ्यावर टाकून सकाळी उलटून बघा. लाल-तपकिरी ठिपके हलले की समजा. औषध डॉक्टरांकडूनच. गुरांचं आयव्हरमेक्टिन पाण्यात घालणारे महाभाग आहेत, त्यांचं ऐकू नका.

कळवेकर_काका | २ ऑक्टोबर, रात्री ९:००

मुंग्यांचं उत्तम लिहिलंत ताई.

पिल्लांचं थोडं. निघाल्यावर पहिले काही तास पोटातल्या बलकावर निघतात, तेव्हा गळ्याची पिशवी रिकामी दिसेल. दुसऱ्या दिवसापासून मानेच्या बाजूला, पातळ कातडीतून पांढरे दाणे मोजता येतील इतके स्पष्ट दिसतात. संध्याकाळी ती पिशवी भरलेली हवी. पिल्लं ओरडत असतील आणि पिशवी सपाट असेल तर आईबाप भरवत नाहीत.

पिल्लं बाहेर फेकतात त्याची कारणं तीन: मऊ खाणं अपुरं, सतत डोकावणं, किंवा नराला पुढच्या घोळाची घाई. फेकलेलं गार पिल्लू मेलं असं धरू नका. ओंजळीत ऊब देऊन हललं तर परत ठेवा. हाताने भरवणं एवढ्या पिल्लाला जवळपास अशक्य. त्यापेक्षा बेंगालीजची (सोसायटी फिंचची) अंड्यांवर बसलेली जोडी असेल तर तिच्याखाली सरकवा. त्यांची पिल्लं दोन-तीन दिवसांच्या फरकाची असली तर बेधडक वाढवतात.

डोळे आठवड्यात उघडतात. चौदाव्या दिवसानंतर पेटी उघडायची नाही, घाबरून कच्ची उडी मारतात. १८ ते २१ दिवसांत बाहेर. पुढचे काही दिवस रात्री पेटीतच झोपतात, म्हणून पेटी लगेच काढू नका. चार आठवड्यांना दाणा टोचू लागतात, पण सोलता येत नाही. सहा आठवडे पूर्ण झाल्यावर वेगळी करा. बाप त्यांच्या पाठीची पिसं उपटू लागला तर त्याला घरट्यासाठी माल हवा आहे. मूठभर काथ्या टाका, तरी थांबला नाही तर पिल्लं जाळीच्या पलीकडे, जिथून तो भरवू शकेल.

दोन-अडीच महिन्यांना रंग आला की नर-माद्या वेगळे. भाऊ-बहीण तिसऱ्या महिन्यात अंडी घालून बसतील.

मुनिया_प्रेमी (खारघर) | ३ ऑक्टोबर, दुपारी १२:३०

यांच्यासोबत लाल मुनियाची जोडी ठेवता येईल का? ओळखीतला एकजण आणून देतो म्हणतो.

राळे_आणि_काथ्या | ३ ऑक्टोबर, दुपारी १२:४५

नाही. लाल मुनिया, तिरंगी मुनिया, ठिपकेवाली मुनिया हे आपले रानपक्षी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना पकडणं, विकणं, पाळणं गुन्हा आहे. आणून देणाऱ्याला तेच सांगा. झेब्रा आणि बेंगालीज पिंजऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या वाढलेले परदेशी पक्षी, त्यांना ती अडचण नाही. जावा स्पॅरो साइट्स या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, त्यामुळे तो घेताना केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवरची नोंद आणि कागद मागा.

पामबीच_पिंजरा | ३ ऑक्टोबर, रात्री ८:३०

रिंगांवरून एक. नॅन्सी बर्ली या संशोधिकेने १९८० च्या दशकात दाखवलं होतं की माद्या लाल रिंगवाल्या नरांकडे जास्त वळतात आणि हिरव्या रिंगवाल्यांना टाळतात. नंतर इतरांनी केलेल्या प्रयोगांत तो परिणाम नीट दिसला नाही. तरी नरांना लाल-हिरव्या सोडून इतर रंग घाला, निवड रिंगेची झाली की पक्ष्याची, हा घोळच नको.

ऐरोली_आठ | ४ ऑक्टोबर, सकाळी ८:४५

शेवटचं. मित्राकडची जोडी थांबतच नाही, वर्षातला चौथा घोळ. पेटी काढली तर दाण्याच्या वाटीत अंडी घातली.

कोलशेत_कांगणी | ४ ऑक्टोबर, सकाळी ९:३०

वर्षाला दोन, फार तर तीन. वाटी काढून उभी नळीची दाणी लावा, तळाला कागदाऐवजी जाळी, काथ्याची काडीसुद्धा आत नको. अंडी, मोड, गाजर बंद. कोरडा दाणा, पाला आणि समुद्रफेस एवढंच. उजेड १० तासांवर आणा. तरीही अंडी आली तर लगेच उचलू नका, उचलली की ती भरपाई म्हणून पुन्हा घालते. त्यांच्या जागी त्याच मापाची प्लास्टिकची ठेवा, दोन आठवडे बसू द्या, कंटाळून आपणच उठतात. आणि एवढं करूनही नर मागे लागत असेल तर दोघांमध्ये जाळीची भिंत टाका. एकमेकांना दिसतील, ऐकू येतील असे दोन महिने. अगदी दुसऱ्या खोलीत नेऊ नका, नर दिवसभर हाका मारून खाणं सोडतो.